स्वस्त सांगाडा आणि महाग कुलूप

लहान मुलाची तीनचाकी गाडी ज्यानें कधीं लक्षपूर्वक पाहिली असेल, त्याला ‘फिक्स्ड गिअर’ सायकल म्हणजे काय हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्या गाडीचें पुढचें चाक फिरूं लागलें कीं पायडलें फिरतात, आणि पायडलें थांबविलीं कीं चाकही थांबतें. नेहमींच्या सायकलीवर उतार लागला म्हणजे पाय स्वस्थ ठेवून बसतां येतें. कारण तिच्या मागच्या चाकांत फ्रीव्हील असतें. फिक्स्ड गिअरच्या सायकलींत तें नसतें. मागचें दातेरी चक्र चाकाच्या हबवर पक्कें बसविलेलें असतें, आणि सायकल चालत आहे तोंवर स्वाराच्या पायांना विसांवा म्हणून नाहीं.

ही रचना नव्या पिढीची हौस आहे असा पुष्कळांचा समज आहे. पण वस्तुस्थिति उलट आहे. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानें ‘रोव्हर’ ही आजच्या सायकलीची आजी बाजारांत आणली, ती याच जातीची होती. फ्रीव्हीलचा सर्वत्र प्रसार झाला तो त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं. शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवर मात्र जुनी रचनाच कायम राहिली. जपानमध्यें १९४८ सालीं कोकुरा येथें ‘केरिन’ नांवाच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांतील सायकली याच पद्धतीच्या, आणि त्यांचे सांगाडे पोलादी नळ्यांचे. पुढें न्यूयॉर्क, लंडन यांसारख्या शहरांत कागदपत्रें व पुडकीं पोंचविणाऱ्या सायकलस्वारांनीं ही सायकल धावपट्टीवरून रस्त्यावर आणली. तिला गिअर बदलण्याची यंत्रणा नाहीं, त्यामुळें बिघडावयास फारसें कांहीं नाहीं. ती वजनानें हलकी, दुरुस्तीला सोपी आणि किंमतीला बेताची.

अशा स्वाराच्या बाबतींत सायकल ही करमणुकीची वस्तु नसून पोटापाण्याचें साधन असतें. सोमवारीं सायकल चोरीस गेली तर मंगळवारची मजुरी बुडाली, हा त्याचा हिशेब. आणि नवी घेण्यास हातीं पैसा नसल्यामुळें तो जुन्या बाजाराकडे वळतो, जेथें त्याची स्वतःची सायकल कदाचित् आधींच पोंचलेली असते! म्हणून स्वस्त सांगाडा निवडणें आणि सायकल चोरापासून राखणें हे दोन विषय वरवर निराळे दिसले तरी ते एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोहोंचा विचार एकत्र केल्यावांचून खरी काटकसर साधत नाहीं. लंडन शहराचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून तो विचार करणें सोयीचें होईल. कारण तेथें या सायकलींचा प्रसार मोठा, चोरीचा सुळसुळाटही मोठा, आणि दोहोंसंबंधींचे कायदे स्पष्ट आहेत.

सांगाडा, म्हणजे दुकानदार ज्यास फ्रेम म्हणतात तो, घेतांना बहुतेक ग्राहक प्रथम रंग पाहतात आणि मग नांव वाचतात. वास्तविक पहिली नजर गेली पाहिजे ती मागच्या चाकाचा आंस ज्या खांचांत बसतो त्या खांचांकडे. फिक्स्ड गिअरची साखळी नेहमीं योग्य ताणांत असावी लागते. ती सैल राहून चक्रावरून उतरली, तर फिरतें चाक एकाएकीं जखडलें जाऊन स्वार रस्त्यावर फेंकला जाण्याचा संभव असतो. गिअरच्या सायकलींत साखळीचा सैलपणा ओढून धरणारी स्प्रिंगची कप्पी असते, तशी कप्पी येथें चालत नाहीं; कारण वेग कमी करण्यासाठीं स्वार पायडलांवर मागें जोर देतो तेव्हां साखळीचा खालचा पदर ताणला जातो, आणि त्या ताणापुढें कप्पी टिकत नाहीं. तेव्हां साखळी ताणण्याचा सरळ मार्ग एकच: चाक मागें ओढून नट आंवळणें. त्यासाठीं खांच आडवी पाहिजे. आपल्याकडील काळ्या, उभ्या बांध्याच्या सायकलीची साखळी सैल झाली म्हणजे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला हेंच करतो. अलीकडच्या गिअरच्या सायकलींच्या खांचा बहुधा उभ्या असतात. त्यांत चाक मागें-पुढें सरकत नाहीं. असा सांगाडा कितीही स्वस्त मिळाला तरी या कामीं तो महागच पडतो.

दुसरी गोष्ट या दोन खांचांमधील अंतराची. धावपट्टीच्या सायकलीचा मागचा हब १२० मिलिमीटर रुंदीचा असतो. सुमारें चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या रस्त्यावरील शर्यतीच्या पुष्कळ सायकलींत हें अंतर १२० किंवा १२६ मिलिमीटर, आणि नंतरच्या सायकलींत १३० मिलिमीटर झालें. सांगाडा पोलादी असेल, तर जाणता कारागीर तो थोडासा वांकवून अंतर जुळवून देतो, किंवा आंसावर वायसर घालून काम भागवितो. ॲल्युमिनियमचा सांगाडा मात्र असा वांकवूं नये. त्यास चीर जाण्याची भीति असते. सांगाडा कशाचा आहे याची शंका असल्यास खिशांत एक लोहचुंबक ठेवावें. पोलादास तें चिकटतें, ॲल्युमिनियमला चिकटत नाहीं. बेताच्या पैशांत घेणाऱ्यास एकंदरींत पोलादच हितावह. तें अंमळ जड असेल. पण मोडलें तर जोडतां येतें, आणि जुनें झालें तरी दगा देण्यापूर्वीं बहुधा सूचना देतें.

पोलादांतही प्रती आहेत. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनें १९३५ सालीं ‘५३१’ नांवाच्या मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या काढल्या आणि पुढें अनेक दशकें उत्तम सांगाडे त्याच नळ्यांचे होत असत. तो कागदी शिक्का सांगाड्यावर आजही आढळतो; परंतु शिक्का चिकटविण्यास पोलाद लागत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. बैठकीच्या दांड्याची जाडी हा त्याहून बरा साक्षीदार. चांगल्या प्रतीच्या पातळ ‘५३१’ नळीत बहुधा २७.२ मिलिमीटर जाडीचा दांडा बसतो. नळी जसजशी जाड व हलक्या प्रतीची, तसतसा आंतला दांडा बारीक होत जातो.

जुना सांगाडा तपासण्यास मोठ्या उपकरणांची जरुरी नाहीं. हँडलखालची आखूड नळी जेथें तिरप्या नळीस मिळते, तेथें खालच्या बाजूनें बोट फिरवावें. रंगावर सुरकुती किंवा नळीवर फुगवटा हातास लागला, तर ती सायकल पूर्वीं समोरून कशावर तरी आदळली आहे असें समजावें. मग एक दोरा घ्यावा. त्याचें एक टोंक मागच्या एका खांचेस बांधून तो पुढें न्यावा, हँडलखालच्या नळीस वळसा घालावा आणि मागें आणून दुसऱ्या खांचेस ताणून बांधावा. बैठकीखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचें अंतर सारखें भरलें तर सांगाडा सरळ. न भरलें तर तो वांकडा. बैठकीचा दांडा नळीत हलतो कीं गंजून एकजीव झाला आहे, हेंही हलवून पाहावें. जुन्या फ्रेंच सांगाड्यांचे आटे निराळ्या मापाचे असल्यामुळें त्यांचे सुटे भाग मिळविण्यांत वेळ व पैसा दोन्ही जातात. इंग्रजी आट्यांचे भाग सहज मिळतात. पायडलांच्या दांड्या जेथें फिरतात तो भाग जमिनीपासून फार खालीं नसावा. या सायकलीवर वळण घेतांनाही पाय थांबवितां येत नाहींत, म्हणून खालचें पायडल रस्त्यास घासून अपघात होतो. याच कारणास्तव पायडलाच्या दांड्या आखूड, १६५ मिलिमीटरच्या आसपास, घेण्याचा प्रघात आहे.

चाकासंबंधीं एकच, पण जीवावरची, सूचना आहे. खऱ्या फिक्स्ड हबवर दातेरी चक्र उजव्या आट्यांवर बसतें आणि त्यावर उलट्या, म्हणजे डाव्या, आट्यांची एक कडी आंवळलेली असते. स्वार मागें जोर देतो तेव्हां चक्र सुटूं पाहतें; तेव्हां ही कडी तें अडवून धरते. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर चक्र नुसतें फिरवून बसविलें तर कडीला जागाच नसते, आणि ऐन गर्दींत चक्र सुटण्याची धास्ती राहते. सांगाड्यांत वांचविलेला पैसा प्रथम येथें खर्चावा.

आतां ब्रेकसंबंधीं. पायांच्या जोरावर सायकल थांबवितां येते म्हणून ब्रेक नको, अशी एक फुशारकी या सायकलींच्या नादिष्टांत ऐकूं येते. धावपट्टीवर ब्रेक नसतात हें खरें. पण तेथें कोणाच्याच सायकलीस ब्रेक नसतो, सर्व एकाच दिशेनें जातात आणि आडवें कोणी येत नाहीं. रस्त्याची गोष्ट निराळी. थांबतांना शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचें चाक हलकें होऊन घसरतें. म्हणून थांबविण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकांत असते. ब्रिटनमधील १९८३ सालच्या नियमांप्रमाणें सार्वजनिक रस्त्यावर फिक्स्ड सायकलीस पुढच्या चाकाचा ब्रेक असणें आवश्यक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्यें लंडनच्या ओल्ड स्ट्रीट भागांत अठरा वर्षांचा एक तरुण धावपट्टीची, पुढचा ब्रेक नसलेली सायकल हांकीत असतां रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीवर आदळला. ती स्त्री दगावली. २०१७ सालीं तो तरुण मनुष्यवधाच्या आरोपांतून सुटला; पण बेफामपणें वाहन हांकल्याबद्दल १८६१ सालच्या कायद्याखालीं त्यास अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एका साध्या ब्रेकची किंमत वांचली होती, आणि तिच्या बदल्यांत दोन कुटुंबांचें सुख गेलें. तेव्हां सांगाडा घेतांना पुढच्या फोर्कला ब्रेक बसविण्याचें भोंक आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. जपानी केरिनचे जुने सांगाडे देखणे व मजबूत असतात, परंतु त्यांतील पुष्कळांच्या फोर्कला तें भोंक नसतें.

सांगाडा सर्व कसोट्यांस उतरला आणि किंमत अपेक्षेहून फारच कमी निघाली, तर ग्राहकाचा आनंद गगनांत मावत नाहीं. नेमक्या त्याच क्षणीं त्यानें सावध व्हावयास पाहिजे. उत्तम वस्तु कवडीमोलानें विकणारा मनुष्य एक तर अज्ञ असतो, किंवा गरजू असतो, किंवा ती वस्तु त्याची नसते. चोर सायकल चोरतो ती स्वतः बसण्यासाठीं क्वचितच. विकत घेणारा आहे म्हणूनच तो चोरतो. प्रश्न न विचारतां स्वस्तांत घेणारा ग्राहक हा चोराचा नकळत झालेला धनीच म्हणावयाचा. पुढें त्याच ग्राहकाची सायकल नाहींशी झाली तर तो चोरास शिव्या देतो. पण ज्या बाजारावर चोर जगतो, त्या बाजारास आपणही हातभार लावला होता, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. सायकल उलटी करावी आणि पायडलांच्या दांड्या फिरतात त्या नळीच्या खालच्या बाजूस ठोकलेला क्रमांक वाचावा. बहुतेक सांगाड्यांवर तो तेथें असतो. तो खरवडलेला किंवा घासून टाकलेला दिसला तर पैसे खिशांत ठेवून घरचा रस्ता धरावा. ब्रिटनमध्यें ‘बाइक रजिस्टर’ या नांवाची राष्ट्रीय नोंदवही आहे. पोलीस ती वापरतात, आणि क्रमांक देऊन सायकल चोरीची म्हणून नोंदली गेली आहे काय हें कोणासही विनामूल्य पाहतां येतें. विकणाऱ्याकडून नांव-पत्त्यासह पावती घ्यावी. प्रामाणिक मनुष्यास तिचा राग येत नाहीं. तेथील १९६८ सालच्या चोरीच्या कायद्याप्रमाणें माल चोरीचा आहे हें जाणून तो घेणारास चौदा वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आणि ज्यानें अजाणतां घेतला त्यास शिक्षा नसली, तरी मूळ मालक पुढें आल्यावर सायकल परत करावी लागते. म्हणजे वस्तुही गेली आणि पैसाही गेला.

याप्रमाणें सांगाडा घरीं आला. आतां तो राखावयाचा कसा? सायकलीच्या किंमतीच्या दहाव्या हिश्शाइतकें कुलूप घ्यावें, असा एक हिशेब सर्वत्र सांगितला जातो. तो श्रीमंताच्या सायकलीस लागू पडेल. गरिबाच्या सायकलीस मुळींच लागू नाहीं. दोन हजार पौंडांची सायकल असेल तर दोनशें पौंडांचें कुलूप येईल. पण शंभर पौंडांच्या सायकलीस दहा पौंडांचें कुलूप लावलें तर तें शोभेपुरतेंच. चोराच्या हातांतली कात्री सायकलीची किंमत पाहून बोथट होत नाहीं. म्हणून बेताच्या पैशांत सायकल जुळविणारानें हिशेब उलटा करावा. चांगल्या कुलपाची रक्कम आधीं बाजूस काढावी आणि उरलेल्या पैशांत सांगाडा शोधावा. सांगाडा आणि कुलूप मिळून सायकलीची किंमत होते. कुलूप हा वरखर्च नव्हे.

कुलपांच्या तीन मुख्य जाती आहेत. पहिली तारेच्या दोराची. ती हलकी व स्वस्त असते, आणि हातकात्रीनें क्षणांत तुटते. तिचा उपयोग बैठक किंवा पुढचें चाक अडकविण्यापुरता. दुसरी जाड, कठीण केलेल्या पोलादी साखळीची. ती भक्कम, पण वाहून नेण्यास जड. तिसरी इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची. वजनाच्या मानानें संरक्षण अधिक देणारी हीच. नुसत्या जाडीवर किंवा जाहिरातीवर मात्र विसंबूं नये. २००४ सालीं अमेरिकेंत असें उघडकीस आलें कीं, नळीसारख्या गोल किल्लीचीं, बाजारांत नांवाजलेलीं ‘डी’ कुलुपें बॉलपेनच्या पोकळ प्लॅस्टिक नळीनें उघडतात. तशीं कुलुपें जुन्या बाजारांत आढळल्यास तीं स्वस्तांतही घेऊं नयेत. ब्रिटनमध्यें ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था १९९२ पासून कुलुपांवर चोराचींच हत्यारें चालवून परीक्षा घेते, आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड व डायमंड अशा चढत्या श्रेणी देते. शहरांत रस्त्यावर तासन् तास सायकल ठेवणारानें गोल्डच्या खालीं उतरूं नये.

कुलूप कोणतें यापेक्षांही तें कसें लावलें याला महत्त्व अधिक. आपल्याकडे मागच्या चाकास कायमचें बसविलेलें गोल कुलूप असतें. त्यानें चाक फिरणें थांबतें, पण सायकल उचलून नेणें थांबत नाहीं. काळ्या जड सायकलीस तें कांहीं अंशीं पुरत असे. हलकी फिक्स्ड सायकल एका हातानें उचलली जाते. म्हणून ती जमिनींत रोंवलेल्या पक्क्या वस्तूस जखडलीच पाहिजे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सचा प्रसिद्ध सायकल-कारागीर शेल्डन ब्राउन (१९४४-२००८) यानें यासाठीं एक युक्ति लोकप्रिय केली. बैठकीखालची नळी आणि मागच्या बारीक नळ्या यांचा जो त्रिकोण होतो, त्या त्रिकोणाच्या आंत मागच्या चाकाची रिम ‘डी’ कुलपांत घ्यावी आणि खांबास अडकवावी. चाक त्या त्रिकोणांतून ओढून काढतां येत नाहीं. त्यामुळें एकाच कुलपानें चाक आणि सांगाडा दोन्ही जखडले जातात. कुलूप लहान असलें तरी काम भागतें. किंबहुना लहानच बरें, कारण आंत मोकळी जागा जितकी कमी, तितकी पहार किंवा जॅक घालण्यास चोरास अडचण अधिक. तथापि रिम कांहीं सांगाड्याइतकी मजबूत नव्हे. कुलपांत जागा असल्यास त्याच फेऱ्यांत सांगाड्याची नळीही घ्यावी, आणि पुढचें चाक दुसऱ्या कुलपानें सांगाड्यास अडकवावें.

खांबाचीही परीक्षा करावी. लंडनमध्यें उलट्या ‘यू’ आकाराचे, शेफील्ड स्टॅण्ड म्हणून ओळखले जाणारे लोखंडी दांडे जागोजाग आहेत. चोर कधीं कधीं तो दांडा आधींच कापून वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवतात. तेव्हां हातानें हलवून पाहावा आणि चिकटपट्टी दिसल्यास दुसरी जागा शोधावी. बुटक्या खांबावरून सायकल कुलपासकट वर काढून नेतां येते, हेंही विसरूं नये. कुलूप जमिनीला टेकूं देऊं नये. टेकलेल्या कुलपावर घण घालणें सोपें जातें.

एवढें सर्व केल्यावरही एक कटु सत्य उरतें. विजेरीवर चालणाऱ्या कापणीयंत्रापुढें साधीं पोलादी कुलुपें फार वेळ टिकत नाहींत. त्या यंत्राची पाती झिजविणाऱ्या मिश्रणाचीं कुलुपें अलीकडे निघालीं आहेत. पण तींही चोरास अडवीत नाहींत, त्याचा वेळ खातात. कोणतेंही कुलूप विकत घेणें म्हणजे वेळ विकत घेणें होय. त्या वेळाचा उपयोग व्हावा म्हणून सायकल रहदारीच्या, उजेडाच्या जागीं ठेवावी. रात्रीं मात्र ती रस्त्यावर राहूंच नये. फिक्स्ड सायकलीचा हलकेपणा येथें कामास येतो. ती खांद्यावर घेऊन जिना चढतां येतो. सांगाडा जुना, रंग उडालेला असेल तर तो तसाच राहूं द्यावा. झगझगीत रंगानें मित्रांचें लक्ष वेधतें, तसें चोराचेंही वेधतें.

शेवटचें कुलूप मात्र लोखंडाचें नाहीं. तें कागदाचें आहे. सांगाड्याचा क्रमांक वहींत लिहून ठेवावा, सायकलीचें छायाचित्र घ्यावें, आणि दोन्ही नोंदवहींत दाखल करावीं. चोरीची सायकल पोलिसांच्या हातीं लागली तरी क्रमांकावांचून ती कोणाची हें सिद्ध होत नाहीं, आणि बेवारशी मालांत जमा होते. प्रत्येक मालकानें क्रमांक नोंदविला आणि प्रत्येक ग्राहकानें पैसे देण्यापूर्वीं तो वाचला, तर चोरास सायकल कापून नेतां येईल, पण विकतां येणार नाहीं. न विकतां येणारी वस्तु चोरण्यांत कोणासही स्वारस्य नसतें. हें कुलूप घडविण्यास कारखाना लागत नाहीं. सायकल उलटी करून सात-आठ अक्षरें वाचण्याइतका संयम पुरे होतो.